ताई, आपल्याला ६२ पडले!

नमस्कार मंडळी. सेवाभावी संस्थेत फुकट काम करायला माणसं येतात कशी, हे नाही, ती टिकतात कशामुळे, त्याबद्दल आज बोलायचंय.

मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, इथेच पुण्यात, घरी बसून. ऐकायला सोपं वाटतं पण मे महिन्यात पंखा बंद करून बसायचं, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की पान पहिल्यापासून, आणि नकाशा आला की तो शब्दांत सांगायचा, वरती उत्तर, डावीकडे समुद्र असं करत करत. कंटाळा येतोच. पण पहिल्याच वर्षी निकाल लागला त्या दिवशी बी.ए.च्या एका मुलीचा फोन आला, ताई, इतिहासात आपल्याला ६२ पडले! आपल्याला म्हणाली हो ती.

त्याआधी एका संस्थेत दर रविवारी जायचे. पाकिटं भरायची, पत्ते चिकटवायचे. त्या पाकिटांचं पुढे काय झालं ते कोणी कधी सांगितलं नाही, एक रविवार चुकला तर कोणी विचारलंही नाही, मग दुसरा चुकला, आणि सुटलंच.

अमेरिकेत क्लेरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्वयंसेवकांच्या सहा प्रेरणा मांडल्या, म्हणजे मूल्यं, शिकणं, आपल्या माणसांची संगत, करिअर, मनावरचं ओझं हलकं होणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. ज्याला जे हवंय ते कामातून मिळालं की तो समाधानी राहतो, पुढेही यायचं म्हणतो. त्यामुळे कॉलेजच्या पोराने सर्टिफिकेट मागितलं तर नाक मुरडू नका, द्या त्याला.

आणि आपलं पुण्याजवळचं हिंगणं आठवा. १९०० साली अण्णांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांनी, तिथे झोपडीत विधवांचा आश्रम नेला, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं की माळरानातून, पावसाळ्यात चिखल तुडवत चालत जायचे मुलींना शिकवायला. ध्येय तर होतंच, पण मला वाटतं, पोचल्यावर त्या मुली समोर दिसायच्या ना, पाटी घेऊन बसलेल्या, त्यानेही पाय उचलत असतील.

संस्थावाल्यांनो, कृपा करून कळवत जा. वर्षातून एकदा शाल-श्रीफळ नको, एक फोन करा, तुम्ही वाचलेलं पुस्तक अमक्याने ऐकलं एवढंच सांगा.

ती मुलगी आता एम.ए.ला आहे. कालच चारशे पानांचं पुस्तक पाठवलंय तिने, आज रात्री पंखा बंद करून सुरू करतेय.