मिस्टर ग्रे आणि बॉक्सिंगचा गल्ला

१४ नोव्हेंबर १९४७ची रात्र, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एका कोपऱ्यात जेक लामोटा, ब्राँक्सचा गडी, अख्ख्या प्रोफेशनल करिअरमध्ये तोवर एकदाही खाली न पडलेला. समोर फिलाडेल्फियाचा बिली फॉक्स, त्याचं रेकॉर्ड बघाल तर नॉकआउटच नॉकआउट. आणि फाइट सुरू व्हायच्या आधीच सट्ट्याचा भाव असा काही फिरला होता की बुकी लोक पैसे घ्यायलाच तयार नव्हते. म्हणजे ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं.

फाइट कशी झाली? लामोटा दोरखंडाला पाठ लावून उभा, हात वर, आणि फॉक्स मारतोय. लामोटाने नंतर स्वतःच सांगितलं की सुरुवातीला त्याने नुसते दोन-चार हलके ठोसे दिले तर फॉक्सचेच डोळे फिरायला लागले, आता हाच पडला तर काय करायचं याचं ह्याला टेन्शन! बरं, हरायचं ठरलेलं असलं तरी आडवं पडायला लामोटा तयार नाही, तेवढा माज त्याने शिल्लक ठेवला. शेवटी चौथ्या राउंडमध्ये रेफरीनेच फाइट थांबवली. पब्लिकने शिव्या घातल्या, चौकशी लागली, लामोटा म्हणाला आधीपासून दुखापत होती, मग ती दुखापत लपवली म्हणून १००० डॉलर दंड आणि सात महिने सस्पेंड. फिक्सिंग? ते काय सिद्ध झालं नाही.

खरं बाहेर आलं १९६० मध्ये, अमेरिकेच्या सिनेटच्या चौकशीत. लामोटा शपथेवर म्हणाला, हो, मी मुद्दाम हरलो. पण गंमत ऐका, १ लाख डॉलरची ऑफर होती ती त्याने घेतलीच नाही. त्याला हवी होती टायटलची फाइट, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियन व्हायचा चान्स. कितीतरी वर्षं तो मिडलवेटच्या, म्हणजे आपल्या वजनगटातल्या, टॉपच्या पोरांशी लढत होता आणि टायटलच्या फाइटला त्याला कोणी विचारतच नव्हतं, कारण तो मॉबच्या, म्हणजे अंडरवर्ल्डच्या, माणसांना धरून नव्हता. फॉक्सशी हरला तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला, तोही लगेच नाही, दीड वर्षाने, आणि वर २०,००० डॉलर मोजून. जून १९४९ मध्ये डेट्रॉइटला मार्सेल सेर्दांला हरवून तो चॅम्पियन झाला, त्या फाइटची त्याची कमाई साधारण १९,०००. म्हणजे दिले त्यापेक्षा कमीच मिळाले, बाकी भरपाई त्याने स्वतःवर सट्टा लावून केली!

इथेच खरी मेख आहे. आपल्याला वाटतं अंडरवर्ल्ड म्हणजे फिक्सिंग, याने पडायचं, त्याने जिंकायचं. तसं व्हायचं, नाही असं नाही, पण रोजचा धंदा तो नव्हताच. धंदा होता कोणाला फाइट मिळणार हे ठरवण्याचा. टोलनाका होता तो, तुम्ही कितीही चांगली गाडी चालवा, पावती फाडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि नाक्यावर बसला होता फ्रँकी कार्बो. १९०४ चा जन्म, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचा, मर्डर इंक म्हणतात त्या टोळीचा जुना बंदूकवाला. १९३९ मध्ये हॉलिवूडमध्ये हॅरी ग्रीनबर्गचा खून झाला त्यात बग्झी सीगल नावाच्या गँगस्टरबरोबर याचंही नाव होतं, आणि त्या प्रकरणात ज्याची साक्ष महागात पडली असती तो त्याच टोळीतला फुटलेला माणूस एब रेल्स १९४१ मध्ये पोलिसांच्या पहाऱ्यात असताना कोनी आयलंडच्या हॉटेलच्या खिडकीतून खाली पडून मेला. कार्बो सुटला. बॉक्सिंगवाले त्याला नावाने हाक मारायचे नाहीत, म्हणायचे 'मिस्टर ग्रे'. त्याच्याकडे लायसन्स नाही, कागदावर कुठे सही नाही, तरी चॅम्पियन कोणाचा आणि वाटा कोणाला हे तोच ठरवणार. त्याचा उजवा हात ब्लिंकी पालेर्मो, फिलाडेल्फियात आकड्याचा धंदा करणारा. आणि हो, बिली फॉक्सचा मॅनेजर हाच.

यात पांढरपेशे पण होते बरं का. जेम्स नॉरिस, गडगंज घरातला माणूस, १९४९ पासून इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब चालवायचा. शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कची मोठी स्टेडियम यांच्या हातात, आणि टीव्ही नुकताच घराघरात आलेला, दर शुक्रवारी जिलेटच्या जाहिरातींसकट फाइट. दर आठवड्याला नवी जोडी लागणार, ती आणणार कोण? कार्बो. नॉरिसला बॉक्सर मिळाले, कार्बोला टीव्हीचा पैसा. मला विचाराल तर या सगळ्यात नॉरिसचाच जास्त राग येतो, त्याला पोटापाण्याची कसली अडचण होती?

मरण बॉक्सरचं. आइक विल्यम्सचं बघा, लाइटवेटचा वर्ल्ड चॅम्पियन. त्याला स्वतःचा मॅनेजर स्वतःच व्हायचं होतं, तर मॅनेजर लोकांच्या संघटनेने बहिष्कार टाकला, फाइटच मिळेनात. पालेर्मो आला, म्हणाला मी सगळं मिटवतो, आणि मिटवलंही. पुढे दोन फाइटचे मिळून ६०,००० डॉलरच्या वर पैसे पालेर्मोनेच खाल्ले, आणि त्या न मिळालेल्या पैशावरचा टॅक्स मात्र विल्यम्सने भरला! १९५१ मध्ये टायटल सोडण्यासाठी लाच देऊ केली ती त्याने घेतली नाही, आणि जिमी कार्टरकडून खरोखरच हरला. टायटलही गेलं आणि पैसाही.

कार्बो शेवटी अडकला तो हावरटपणामुळे. १९५८ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसला डॉन जॉर्डन वेल्टरवेट चॅम्पियन झाला, आणि कार्बो-पालेर्मोने त्याच्या कमाईत वाटा मागितला. तिथला प्रमोटर जॅकी लेनर्ड नाही म्हणाला, धमक्या आल्या, मारहाण झाली, पण तो पोलिसांकडे गेला आणि फोन रेकॉर्ड झाले. मधल्या काळात कार्बोला सिनेटच्या समितीपुढे उभं केलं. समितीचे प्रमुख सिनेटर कीफॉवर प्रश्नावर प्रश्न विचारतायत आणि हा दर वेळी तेच वाक्य, माझ्याविरुद्ध मीच साक्ष देणार नाही. ताकास तूर लागू दिली नाही. आणि शेवटी काय बोलला, तर निवडणूक जिंकल्याबद्दल कीफॉवरचं अभिनंदन!

१९६१ मध्ये कार्बोला २५ वर्षं, पालेर्मोला १५. नॉरिसचा क्लब त्याआधीच १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मक्तेदारी म्हणून मोडीत काढला होता. म्हणजे संपलं सगळं? सप्टेंबर १९६२ मध्ये शिकागोत फ्लॉइड पॅटरसनला पहिल्याच राउंडमध्ये झोपवून हेवीवेट चॅम्पियन झाला सनी लिस्टन, आणि सिनेटच्या चौकशीत ज्याच्या कमाईचे वाटेकरी म्हणून कार्बो आणि पालेर्मोचं नाव निघालं होतं तो बॉक्सर हाच.

कार्बो १९७६ मध्ये गेला. पालेर्मो १९७१ मध्ये सुटून आला होता, आणि १९७८ मध्ये या बाबाने पेनसिल्व्हेनियात चक्क अर्ज केला, बॉक्सिंग मॅनेजरच्या लायसन्ससाठी.