उजेडाचं बोट

[दृश्य: अंधारी खोली. टेबलभर आरसे आणि भिंगं.]

इथं अंधार ठेवावाच लागतो. बाहेरची एक तिरीप आत आली, तरी मेंदूतून येणारा मिणमिणता प्रकाश टिपता येत नाही.

[दृश्य: मॉनिटरवर लुकलुकणारे हिरवे ठिपके.]

हा बघा तो. उंदराच्या मेंदूत डोळ्यांचा निरोप जिथं पोचतो, तिथल्या या चेतापेशी. पेशी जागी झाली की ठिपका उजळतो. ही चमक जेलीफिशच्या प्रथिनापासून घडवलेली.

[दृश्य: बाटलीत हिरवं पाणी. मायक्रोस्कोपखाली पोहणारं शेवाळ.]

आणि हे डबक्यातलं, एकाच पेशीचं शेवाळ. क्लॅमिडोमोनास. उजेडाच्या दिशेने पोहत जातं. त्याला उजेड कळतो कसा, एवढंच पीटर हेगेमान, गेऑर्ग नागेल या संशोधकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हवं होतं. औषधाच्या शोधात कुणी निघालं नव्हतं. २००२-०३ मध्ये त्यांना सापडलं प्रथिनाचं एक दार, उजेड पडताच उघडणारं. २००५ साली त्याचा जीन बशीत वाढवलेल्या चेतापेशींत गेला, आणि निळ्या प्रकाशाच्या तालावर त्या पेशी चेतू लागल्या. २०२१ मध्ये शेवाळाच्याच अशा एका प्रथिनामुळे, खास चष्मा लावून, एका अंध माणसाला टेबलावरची वही सापडली.

[दृश्य: नखाएवढी चकचकीत पट्टी. अगदी जवळून.]

पण साधा झोत सगळ्याच पेशींवर पडतो. गर्दीत एकीलाच हाक मारायची, तर ही पट्टी लागते. लिक्विड क्रिस्टलची, लाखांवर बारीक चौकोनांची. प्रत्येक चौकोन लेझरची लाट किंचित मागे रेटतो, कुठं कमी, कुठं जास्त.

[दृश्य: संगणकावर करडी, खरखरीत आकृती. मग काळोखात दहा ठिपके.]

डोळ्यांना ही नुसती खरखर. पण इथून निघालेल्या लाटा भिंगापलीकडे एकमेकींत मिसळतात आणि हव्या त्या जागीच उजळतात. हाच होलोग्राम. दहा पेशी निवडा, दहा ठिपके, वेगवेगळ्या खोलीवरचेसुद्धा.

लेझर अवरक्त. दोन प्रकाशकण जवळपास एकाच क्षणी पोचले, तरच ते दार उघडतं. आणि कणांची तेवढी दाटी फक्त ठिपक्यातच होते. हे गणित भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ साली छापलेल्या प्रबंधात मांडलं. लेझर यायला तेव्हा जवळपास तीस वर्षं होती. तोवर ते कागदावर थांबलं.

[दृश्य: उंदीर. समोर पडद्यावर पट्टे, तोंडाशी पाण्याची नळी.]

न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. राफाएल युस्टे यांच्या गटाने उंदरांना शिकवलं: ठरावीक दिशेचे पट्टे दिसले की नळी चाटायची. पट्टे बघताना कोणत्या पेशी एकत्र उजळतात, तेही टिपलं. २०१९ मध्ये निकाल छापून आला. एकत्र उजळणाऱ्या त्या पेशींपैकी नेमक्या दोन चेतवल्या, तरी पेशींचा सगळा गट जागा व्हायचा.

[दृश्य: पडदा कोरा.]

आता पट्टे नाहीत. होलोग्राम त्याच पेशींवर पडतोय.

[दृश्य: जीभ नळीला लागते. निवेदन नाही.]