रोबोट, रूम रेंट आणि अण्णांची वही

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या विमा काउंटरवर मी बावीस वर्षं बसले. प्रोस्टेटच्या कॅन्सरचा पेशंट असला की अलीकडे काचेपलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मॅडम, रोबोटिक ऑपरेशन पॉलिसीत बसतं ना?" आजार किती पसरलाय, वय काय, आणखी कुणा डॉक्टरांना दाखवलंय का, हे सगळं नंतर.

मी निवृत्त झाले आणि हाच प्रश्न घरातून आला. माझे थोरले दीर, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सांगलीला मुख्याध्यापक होते. वय ६८. रात्री चार-चार वेळा उठावं लागायचं म्हणून तपासायला गेले, तर रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमध्ये बिघाड असला की वाढणारं प्रथिन, ११ निघालं. मग एमआरआय, मग बायोप्सी. रिपोर्टवर ग्लिसन, म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे गुण, ३ अधिक ४, बेरीज ७. कॅन्सर होता, पण प्रोस्टेट ग्रंथीच्या बाहेर पडलेला नव्हता. पुतण्याचा हैदराबादहून फोन आला, "काकू, बेस्ट असेल ते करायचं. रोबोट. पैशाचं बघू."

"पैशाचं बघू" हे मी काउंटरवर रोज ऐकायचे. ते 'बघणारी' मीच असायचे, म्हणून सांगते, ते आधीच बघायचं असतं. आणि या आजारात त्याला सवडही मिळते. कॅन्सर म्हटलं की आपण आजच्या आज भरती व्हायला निघतो. पण ग्रंथीपुरता असलेला प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेकदा संथ चालतो. शिवाय बायोप्सीनंतर आतली सूज उतरावी म्हणून सर्जनच साधारण सहा-आठ आठवडे थांबायला सांगतात. हे आठवडे दुसरं मत घ्यायला आणि पॉलिसी वाचायला पुरतात.

ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास झाला. ५० ते ६९ वयाचे १,६४३ पुरुष, सगळ्यांचा आजार ग्रंथीपुरता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला रेडिएशन, तिसऱ्यावर फक्त लक्ष ठेवायचं, आजार वाढला तरच उपचार. पंधरा वर्षांनंतरचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. या कॅन्सरने दगावलेले तिन्ही गट मिळून ४५, आणि गटागटांत म्हणावा असा फरक नाही. हां, नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. म्हणजे लक्ष ठेवणं याचा अर्थ विसरून जाणं नव्हे. ग्लिसन ६ असेल तर डॉक्टर स्वतःच हा रस्ता सुचवतात. अण्णांचा ७ होता, त्यामुळे उपचार करायचे ठरले. पण "मला आत्ता काही करायची गरज आहे का?" हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारला, याचं मला बरं वाटलं.

आता रोबोट. पुष्कळांना वाटतं की रोबोट स्वतः ऑपरेशन करतो. तसं नाही. पोटावर पाच-सहा छोटी भोकं पाडून त्यातून यंत्राचे हात आत जातात. सर्जन त्याच खोलीत थोडा बाजूला बसून, आतलं दृश्य कितीतरी पट मोठं बघत, ते हात चालवतो. रक्त कमी जातं, माणूस लवकर घरी येतो. मग या शस्त्रक्रियेत ज्यांना धक्का लागू शकतो ते, लघवीवरचा ताबा आणि शरीरसंबंध? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांवर रोबोटिक आणि पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेची तुलना झाली. तीन महिन्यांनी आणि दोन वर्षांनीही या दोन्ही बाबतींत दोघे जवळपास सारखेच. यंत्र महाग आहे, त्याची हत्यारं ठरावीक वेळाच वापरून टाकून द्यावी लागतात, तो खर्च बिलात चढतो. निकाल मात्र चालवणाऱ्याच्या हातावर ठरतो.

म्हणून आम्ही सर्जनना विचारलं, "डॉक्टर, वर्षाला तुमच्या स्वतःच्या हातून अशा किती होतात? त्यातले किती जण वर्षानंतरही पॅड वापरतात?" पुतण्याला हे विचारणं उद्धटपणाचं वाटलं. डॉक्टरांना वाटलं नाही, त्यांनी आकडे सांगितले. ज्यांना हा प्रश्न आवडत नाही, त्यांच्याकडे मी माझा माणूस नेणार नाही. शरीरसंबंधांवर काय परिणाम होईल, हे वहिनींसमोरच बोलायचं असं डॉक्टरांनी सुचवलं. वहिनी पदराशी चाळा करत बसल्या, पण उठून गेल्या नाहीत.

रेडिएशनवाल्या डॉक्टरांनाही भेटलो, आणि तुम्हीही भेटा. सर्जन सर्जरीकडे झुकतो, त्यात वावगं काही नाही, पण दुसरी बाजू कानावर पडायला हवी. काप नाही, भरती नाही, रोज येऊन-जाऊन वीस सिटिंग. काही ठिकाणी नेमक्या माऱ्याचं रेडिएशन पाच सिटिंगमध्येही होतं. हृदयाचा त्रास असलेल्या, भूल झेपणार नाही अशा माणसाला हे सोयीचं. मुंबईला जाऊन घ्यायचं तर राहण्याचा खर्च धरा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटसाठी किती वर्षं उभी आहे, ते तिथे राहून आलेल्यांना विचारा.

आणि शेजारच्या काकांचं "लेझरने दोन दिवसांत मोकळं झालं" हे ऐकून भुलू नका. ते वाढलेल्या ग्रंथीचं लेझर, लघवीची वाट मोकळी करणारं. कॅन्सरवरचा इलाज तो नव्हे.

आता माझा प्रांत. २०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने नव्या उपचारपद्धतींची एक यादी काढली, त्यात रोबोटिक सर्जरी आहे. त्यामुळे "रोबोटिक आम्ही देतच नाही" असं कंपनीला म्हणता येत नाही. पण मर्यादा घालता येते. समजा पॉलिसी ५ लाखांची आहे आणि रोबोटिकला निम्मी मर्यादा आहे, तर मिळणार अडीच. हे पॉलिसीच्या पहिल्या पानावर नसतं, मागे 'मॉडर्न ट्रीटमेंट' अशा मथळ्याखाली बारीक अक्षरात असतं.

त्याहून जास्त माणसं फसतात ती रूम रेंटमध्ये. समजा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. लोकांना वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू. तसं होत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञांची फी, ओटीचा चार्ज, सगळं पाच-अष्टमांश होतं. या खर्चांचे ३,२०,००० झाले असतील तर मिळतात २ लाख. औषधं, तपासण्या आणि आत बसवलेल्या वस्तू यांना ही कात्री लागत नाही, पण बाकीचं झोंबतं. खिडकीतून झाड दिसतं म्हणून स्वतंत्र खोली घेतलेल्या एका गृहस्थांना हा हिशेब समजावताना माझंच तोंड कोरडं पडलं होतं. अण्णांना आम्ही दोन पेशंटच्या खोलीत ठेवलं. शेजारी मिरजेचे एक निवृत्त गार्ड होते, दोघांचं रात्रभर रेल्वेवर चाललं होतं.

भरती होण्याआधी रुग्णालयाकडून अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात रोबोटचा चार्ज वेगळा लिहून घ्या, आणि त्याचा प्रीऑथ, म्हणजे कंपनीकडे आगाऊ मंजुरीचा अर्ज, आठवडाभर आधी पाठवायला लावा. एवढं सगळं मला पाठ. तरी घरच्याच माणसाच्या बाबतीत मी चुकले. भरतीआधीचे खर्च कंपनी ठरावीक दिवसांपुरतेच देते, कुठे ३०, कुठे ६०. अण्णांच्या पॉलिसीत ३० होते. शस्त्रक्रियेला सहा आठवडे थांबलो, आणि एमआरआय, बायोप्सी दोन्ही बिलं मुदतीबाहेर गेली. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण मी बावीस वर्षं काय करत होते, हे त्यांच्या डोळ्यांत होतं.

अण्णा सत्तरीचे असते तर आयुष्मान कार्ड निघालं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण केलेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, खासगी विमा असला तरी, कुटुंबाला मिळून ५ लाखांचं संरक्षण मिळतं. महात्मा फुले योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि पॅकेजमध्ये नेमकी कोणती शस्त्रक्रिया आहे ते विचारा, नुसतं "बसतं का" नको. ऐपत बेताची असेल तर आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. मीही सगळ्यांना सांगितलं नव्हतं.

अण्णांनी शेवटी रोबोटिकच करून घेतली, कारण आम्हाला पटलेला सर्जन त्याच यंत्रावर काम करतो. आठव्या दिवशी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघाला. त्या दिवसापासून अण्णांनी शाळेच्या हजेरीपटासारखी वही घातली, रोज किती पॅड लागले त्याची. पहिल्या दिवशी सहा. महिन्याने तीन. पाचव्या महिन्यात एक, तोही "बाहेर जाताना, धीर यावा म्हणून". आता ती पानं संपलीत. वही उलटी करून मागच्या पानापासून दर तीन महिन्यांचं पीएसए लिहितात, लाल शाईने.