क्ष बरोबर क्ष अधिक एक

[दृश्य : काळा पडदा, पांढरा कर्सर. कीबोर्डवर बोटं पडल्याचा आवाज.]

बारा. एन्टर. तीस. एन्टर. शून्य. एन्टर. आणि शेवटी पाच वेळा नऊ.

हा तीन दिवसांचा पाऊस आहे, मिलिमीटरमध्ये. तिसरा दिवस कोरडा गेला. शेवटचा ९९९९९ मात्र पाऊस नाही. ती खूण आहे, माझ्याकडचे आकडे संपले असं सांगणारी. आता प्रोग्रामने रोजची सरासरी काढायची.

पडद्यावर उत्तर येतं : २५०१०.२५.

रोज पंचवीस हजार मिलिमीटर! आंबोलीत अख्ख्या वर्षात सात हजारांच्या आसपास पडतो आणि तेवढ्यासाठी घाटात गाड्यांची रांग लागते.

हा प्रोग्राम मी मुद्दाम चुकवून लिहिलाय, पण चूक माझ्या मनची नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात इलियट सोलोवे आणि त्यांचे सहकारी नवशिक्या विद्यार्थ्यांना हेच गणित घालायचे. आकडे घेत जा, ९९९९९ आला की थांब, सरासरी सांग. संगणक शिकवणाऱ्यांमध्ये ते 'रेनफॉल प्रॉब्लेम' म्हणून ओळखलं जातं. दिसायला पाचवीतलं गणित, पण वर्गातली भलीभली पोरं त्यात आपटायची. कुणी खुणेचा आकडाच पावसात मिळवायचं. एकाही दिवसाची नोंद नसेल तर कुणाचा प्रोग्राम शून्याने भागायला जायचा.

ही मुलं ढ नव्हती, येलला पोचलेली होती. मग घोडं अडतं कुठे?

[दृश्य : किराणा दुकान. गिऱ्हाईक काहीतरी म्हणतं, दुकानदार न विचारता पुडी बांधतो.]

१९८६ साली रॉय पी या संशोधकाने लिहिलं की अशा बऱ्याच चुकांच्या बुडाशी एकच समजूत असते. तिला त्यांनी 'सुपरबग' म्हटलं. नवशिक्याला मनातून वाटत असतं की यंत्राच्या आत कुणीतरी समजूतदार बसलंय आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळतं. 'थांब' म्हणालो म्हणजे तो पाऊस नव्हे, हे त्याला कळलंच असेल की!

माणसांत हे चालतं. दुकानात 'नेहमीचा अर्धा द्या' म्हटलं की चहा मिळतो, अर्धा किलो मिळतो आणि तो वहीत मांडलाही जातो. आयुष्यभर अशीच बोलायची सवय असलेला माणूस एके दिवशी कीबोर्डसमोर बसतो. समोरच्याला यातलं काही म्हणजे काही कळत नाही.

[दृश्य : फळा. खडूने काढलेल्या दोन आडव्या रेघा.]

माझी स्वतःची पहिली ठेच या दोन रेघांची. इंग्रजीत ते 'इक्वल टू', आपल्याकडे 'बरोबर'. सरांनी फळ्यावर लिहिलं, क्ष बरोबर क्ष अधिक एक. दहावीपर्यंत डोक्यात ठोकून बसवलेलं की या चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. मी मनातल्या मनात दोन्हीकडचा क्ष घालवला. उरलं, शून्य बरोबर एक.

हात वर करून विचारलं, "सर, हे बरोबर कसं?" वर्ग हसला. सर म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये असंच असतं."

हे समीकरण नाही, हुकूम आहे. क्ष नावाच्या डब्यात जे असेल ते काढ, त्यात एक मिळव आणि पुन्हा त्याच डब्यात ठेव. एवढं एक वाक्य मला दोन महिन्यांनी, तेही एका मित्राकडून कळलं. तोपर्यंत लॅबमध्ये माझा प्रोग्राम अडला की सर यायचे, कीबोर्ड स्वतःकडे ओढायचे, चार कळा दाबायचे. "चाललं ना? पुढचा करा." चालायचा. काय चुकलं होतं, ते सरांच्या बोटांना ठाऊक. त्यांना तरी काय बोल लावायचा? चाळीस पोरं, बारा मशिन, त्यातली तीन बंद.

[दृश्य : जुन्या हिरव्या अक्षरांचा संगणक पडदा. कंसांनी भरलेल्या ओळी.]

आता पिट्सबर्गला जाऊ. कार्नेगी मेलन विद्यापीठ, साल १९८४. मानसशास्त्रज्ञ जॉन अँडरसन आणि ब्रायन रायझर इथे एक शिकवणी घेतायत, पण शिकवणारा माणूस नाही, प्रोग्राम आहे. त्याचं नाव लिस्प ट्यूटर.

लिस्प ही जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये मांडलेली भाषा. त्या काळी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्यांना ती यावीच लागे. कंसात कंस, त्यात आणखी कंस. नवख्याचा अर्धा जीव कंस मोजण्यातच जायचा. लिस्प ट्यूटरने पहिलं काम केलं ते हे : कंसांची जोडी तो स्वतःच लावायचा. फंक्शन, म्हणजे नाव दिलेला प्रोग्रामचा तुकडा, लिहायला घेतलं की सांगाडा मांडून द्यायचा, इथे नाव लिही, इथे पॅरामीटर (त्या तुकड्याला पुरवायची माहिती), इथे मुख्य भाग. मुलाने डोकं खर्चायचं ते गणितावर, कंसांवर नाही.

पण खरी करामत आत होती. अँडरसन यांचा सिद्धान्त असा की कौशल्य म्हणजे बारीक बारीक 'जर–तर' नियमांचा साठा. जर यादीतला पहिला घटक हवा असेल, तर हे फंक्शन वापर. जर तेच काम लहान आकड्यावर पुन्हा करायचं असेल, तर फंक्शनने स्वतःलाच हाक मारायची. लिस्प लिहिण्यासाठी लागणारे असे ३२५ नियम त्यांनी यंत्रात घातले.

आणि त्यांच्या जोडीला घातले ४७५ चुकीचे नियम.

[दृश्य : दोन वह्या शेजारी शेजारी. दुसरी जास्त जाड.]

या वहीपाशी जरा थांबू. बरोबर वाटा ३२५, चुकीच्या ४७५. मुलं कशी चुकतात, याचीच नोंदवही. उदाहरणार्थ, लिस्पमध्ये शब्दाआधी एक एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं असतं. दिलं तर तो नुसता शब्द. नाही दिलं तर यंत्र त्या नावाचा डबा शोधायला जातं आणि असा डबाच नाही म्हणून ओरडतं. 'पुणे' ही दोन अक्षरं लिही म्हणणं वेगळं आणि पुण्यात काय आहे ते आण म्हणणं वेगळं. माणसाला हा फरक सांगावा लागत नाही, म्हणूनच नवशिका तो विसरतो. ही विसर वहीत आधीच लिहून ठेवलेली.

विद्यार्थी टाइप करत जायचा आणि यंत्र प्रत्येक पाऊल दोन्ही वह्यांशी ताडून बघायचं. बरोबर वाटेवर असेल तर गप्प. चुकीच्या वाटेवर पाऊल पडलं की लगेच टोकायचं, आणि नुसतं 'एरर' असं नाही. तू बहुतेक असा विचार केलास, पण इथे ते चालणार नाही, अशा बेताने. चुकीचा नियम हाती असल्यामुळे मुलाच्या डोक्यात काय चाललं असावं याचा अंदाज यंत्राला बांधता यायचा. तोही सगळ्या वेळी नाही. करणाऱ्यांनीच तेव्हा सांगितलं होतं की ४५ ते ८० टक्के चुकाच त्याला ओळखता येतात. बाकीच्या ठिकाणी यंत्रही बुचकळ्यात.

मग त्यांनी तीन गट केले. अभ्यासक्रम एकच. पहिल्या गटाला शेजारी बसून शिकवणारा माणूस दिला, दुसऱ्याला लिस्प ट्यूटर, तिसऱ्याने वाचायचं आणि आपलं आपण सोडवायचं. माणसाबरोबरच्या गटाला सरासरी ११.४ तास लागले. यंत्राबरोबरच्यांना १५. एकट्याने झुंजणाऱ्यांना साडेसव्वीस.

मला या आकड्यांत साडेसव्वीस हाच बोलका वाटतो. पंधरा आणि साडेसव्वीसमधले ते साडेअकरा तास बहुतेक अशाच अवतरणचिन्हांपायी गेले असणार. ते कसे जातात, मला ठाऊक आहे.

[दृश्य : रिकामा वर्ग. मागच्या बाकावरून टिपलेला.]

त्याच वर्षी, १९८४ मध्ये, शिकागो विद्यापीठाच्या बेंजामिन ब्लूम यांनी एक दावा केला : एकेकट्या विद्यार्थ्याला शिकवलं तर त्यातला सरासरी मुलगा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. तेव्हापासून शिकवणीचं यंत्र बनवणारा प्रत्येकजण हा आकडा छातीवर बिल्ल्यासारखा लावून फिरतोय. पण २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा फुगा बराच खाली आला. ब्लूम यांचा फायदा होता दोन प्रमाण विचलनांचा (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं हे माप). व्हॅनलेन यांच्या हिशोबात माणसाच्या शिकवणीचा निघाला ०.७९ आणि पावलापावलाला लक्ष देणाऱ्या यंत्राचा ०.७६. म्हणजे यंत्र माणसाच्या जवळ पोचलं हे खरं, पण माणूसच वाटला होता तेवढा उंच नव्हता.

आणखी एक वाद होता आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चूक झाल्या झाल्या टोकावं की मुलाला थोडं भरकटू द्यावं? लिस्प ट्यूटर टोचून टोचून भंडावतो, अशी टीका व्हायची. अ‍ॅल्बर्ट कॉर्बेट आणि अँडरसन यांनी २००१ मध्ये याची रीतसर चाचणी मांडली. एका गटाला लगेच टोकणारं यंत्र. दुसऱ्याला नुसती खूण करणारं, सुधारायचं कधी ते तुझं तू ठरव. तिसऱ्याला विचारलं तरच बोलणारं. लगेच टोकलेला गट सगळ्यांत आधी मोकळा झाला. परीक्षेत मात्र तिन्ही गट सारखेच, आणि मुलांना कुठलं आवडलं म्हणावं तर त्यातही विशेष फरक नाही.

[दृश्य : मुंबई, पवई. तलाव, झाडं, विद्यार्थी.]

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या दाराने आला. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' उभं केलं. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा. लिनक्स, सी, पायथन, जावा. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीत, पण समजावणारा आवाज मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर तेच स्वतः करून बघायचं. अडलं की व्हिडिओ थांबवायचा.

तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला आधी भाषेचा डोंगर आणि मग लूपचा (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओळींचा) डोंगर, अशी दुहेरी चढण असते. त्यातला एक डोंगर या धड्यांनी बाजूला सारला. आज्ञा इंग्रजीत शिकाव्याच लागतात, त्या कितीशा असतात! समजूत मात्र आपल्या भाषेत पटते. फक्त व्हिडिओला तुम्ही काय टाइप केलंत ते दिसत नाही. तुमचं अवतरणचिन्ह राहिलं तरी तो आवाज शांतपणे पुढच्या पायरीवर गेलेला असतो.

[दृश्य : मॉनिटरशेजारी ठेवलेलं पिवळं रबरी बदक.]

आणि हे बदक. प्रोग्रामर लोकांची जुनी युक्ती आहे : प्रोग्राम अडला की तो टेबलावरच्या रबरी बदकाला ओळीओळीने समजावून सांगायचा. सांगता सांगता चूक आपली आपल्याला सापडते, बदकाने काही बोलायची गरजच नसते. हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस५० या संगणकाची तोंडओळख करून देणाऱ्या कोर्समध्ये पडद्यावर असंच एक बदक होतं. विद्यार्थ्याने काहीही लिहिलं तरी ते नुसतं 'क्वॅक' म्हणायचं. २०२३ मध्ये त्याच्या मागे चॅटजीपीटीच्या जातीचं यंत्र बसवलं गेलं आणि बदक बोलायला लागलं.

आता पंचाईत उलटी झाली. १९८४च्या यंत्राला फारसं काही येत नव्हतं, पण मुलं कुठे चुकतात ते त्याला शिकवलेलं होतं. आजच्या यंत्राला उत्तर येतं. विचारलं की अख्खा प्रोग्राम ओतून मोकळं, अगदी माझ्या सरांच्या बोटांसारखं. म्हणून हार्वर्डवाल्यांना बदकाला बजावावं लागलं की थेट उत्तर देऊ नकोस, वाट दाखव. गप्प बसायला शिकवणं हेच तिथलं मोठं काम.

[दृश्य : पुन्हा पावसाचा प्रोग्राम. या वेळी पडदा दोन भागांत. डावीकडे ओळी, उजवीकडे रिकामे चौकोन.]

मला स्वतःला एक साधंच साधन सगळ्यांत जवळचं वाटतं. २०१० मध्ये फिलिप ग्वो यांनी बनवलेलं पायथन ट्यूटर. नाव ट्यूटर, पण मुळात ते टोकायचं नाही, शिकवायचं नाही. प्रोग्राम एकेक ओळ पुढे सरकवतं आणि प्रत्येक ओळीनंतर डब्यांत काय आहे ते दाखवतं, एवढंच. मला सरांकडून हेच हवं होतं.

आपला पावसाचा प्रोग्राम त्यात घालू.

पहिली ओळ. 'बेरीज' नावाचा डबा, आत शून्य. 'दिवस' नावाचा दुसरा डबा, त्यातही शून्य.

पुढे. आकडा आला बारा. बेरीज बारा, दिवस एक.

पुढे. तीस. बेरीज बेचाळीस, दिवस दोन.

पुढे. शून्य. बेरीज बेचाळीसच. दिवस तीन.

पुढे. आकडा आला ९९९९९. आता बाण कुठे जातोय ते बघा. तो 'थांब'वाल्या ओळीवर गेलेला नाही. आधी बेरजेच्या ओळीवर आलाय, कारण मी ती वर लिहिलीय आणि थांबायचं की नाही हे विचारणारी ओळ तिच्या खाली.

[दृश्य : बाण बेरजेच्या ओळीवर थांबलेला. उजवीकडच्या चौकोनात अजून ४२.]

पुढे.

[दृश्य : चौकोनातला आकडा बदलतो : १०००४१. कीबोर्डवरचा हात थबकतो. मग बेरजेची आणि दिवसांची, दोन्ही ओळी निवडून, कापून, 'थांब'वाल्या ओळीच्या खाली नेऊन ठेवतो. एन्टर. पडद्यावर : १४.]