षण्मुखी मुद्रा : किती दाबायचं?

[दृश्य : सिद्धासनात बसलेली साधक. हात गुडघ्यांवर.]

दोन कान, दोन डोळे, नाक आणि तोंड. ही सहा दारं बोटांनी मिटायची, म्हणून षण्मुखी. हठयोगप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ सांगतो की असं केल्यावर सुषुम्नेच्या, म्हणजे कण्यातल्या मधल्या प्राणमार्गात नाद, म्हणजे आतून उमटणारा ध्वनी, स्पष्ट ऐकू येतो. घेरंडसंहिता या दुसऱ्या योगग्रंथात ही योनिमुद्रा आहे आणि तिथे नाकपुड्या मध्यमेनं मिटतात. आपण पुण्याच्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेतली मांडणी पाहतोय.

[हात चेहऱ्याकडे. कोपरं खांद्यांच्या उंचीला.]

अंगठे कानांच्या भोकांत. दुखत असेल तर भोकासमोरचा छोटा मऊ उंचवटा आत ढकला, तेवढ्यानं भागतं. नखं आधी कापा, लेन्स काढून ठेवा. डोळे मिटून मध्यमेनं पापणी हलकेच खाली ओढा. तर्जनी भुवईखाली, पापणीच्या वरच्या भागावर. अनामिकेनं नाकपुड्या अरुंद करायच्या, बंद नाही. करंगळ्या वरच्या ओठावर. श्वासाची लय त्यांना कळते.

[जवळून : पापणीवरचं बोट.]

बहुतेकांचं चुकतं ते इथे. बोट बुबुळावर दाबलं की रंगीत ठिपके, लखलख दिसते. तो आतला प्रकाश वगैरे काही नाही, दाबामुळे दृष्टिपटल चेतवलं जातंय. नेत्रगोलावर जोर दिला तर नाडीही मंदावू शकते. काचबिंदू असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर बोटं डोळ्यांपासून लांबच.

कानांतही तशीच फसगत. अंगठा लावताच जी घरघर सुरू होते, तिला पुष्कळजण नाद समजून हुरळतात. ती बरीचशी आपल्याच हाताच्या ताणलेल्या स्नायूंची. कोपरं टेबलावर टेकवा, पकड सैल करा. घरघर ओसरली, तर कशाची होती ते कळलंच.

[कोपरं लोडावर टेकलेली.]

सुरुवातीला एक-दोन मिनिटं पुरेत, सवयीनं पाचपर्यंत. सर्दीत नको, नाक आधीच चोंदलेलं असताना अनामिका लावली की जीव घुसमटतो. सोडताना आधी नाकपुड्या, मग डोळे, शेवटी कान. डोळे लगेच उघडू नका.

खांदे भरून आले की लक्ष आत जातच नाही, सगळं खांद्यांतच अडकतं. त्यावर अय्यंगार परंपरेतला उपाय म्हणजे क्रेप बँडेज. चार इंची पट्टी कपाळावरून आणि डोळ्यांवरून सैलसर गुंडाळायची, नाक मोकळं ठेवायचं. टोक कानाजवळ बाजूला खोचा. मागे गाठ मारली तर पट्टी बांधून शवासनात पडल्यावर नेमकी तीच टोचत राहते.