दुसरी डबी

(गोवा. कांदोळी. रात्रीचे पावणेबारा. किनाऱ्यावरच्या शॅकच्या मागचं स्वयंपाकघर.)

माणक्यांची शेवटची टोपली साफ झाली. ओटा धुऊन झाला, सुऱ्या पुसून जागेवर गेल्या. आता तो साबणानं दोनदा हात धुतो, कारण माशाच्या वासाच्या हातानं गोळी उचलायला त्याला आवडत नाही. बॅगेच्या आतल्या कप्प्यातून पांढरी डबी निघते. झाकण फिरतं. आधी कापूस बाहेर येतो, मग गोळी.

तीस गोळ्यांची डबी चालताना खुळखुळते. एका खोलीत सहा जण राहत असतील, तर ‘काय रे ते?’ असं कोणीतरी विचारतंच. म्हणून तो कापूस दाबून भरतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

या फिल्ममध्ये त्याचा चेहरा दाखवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तुम्ही त्याचे हात पाहा.

(हातावरची गोळी. स्टीलचा पेला.)

या एका गोळीत दोन औषधं आहेत, टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन 200 मिलिग्रॅम. एचआयव्हीच्या उपचारात ती आधीपासून होतीच. जुलै 2012 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, लागण झालेली नाही अशा माणसांनाही ती बचावासाठी घ्यायला मान्यता दिली. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं, ज्यांना धोका जास्त आहे अशा सगळ्यांसाठी तिची शिफारस केली. नाव लांबलचक आहे, प्री-एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस. इथे सगळे ‘प्रेप’ म्हणतात.

विषाणूला शरीरात टिकायचं तर आपल्या पेशीत शिरून स्वतःची नक्कल काढावी लागते. औषध पेशीत आधीच हजर असेल, तर ती नक्कल अर्ध्यावर तुटते आणि लागण रुजतच नाही. सांगितल्याप्रमाणे घेतली, तर लैंगिक संबंधातून होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे 99 टक्क्यांनी कमी होतो. गरमी, परमा या रोगांवर तिचा इलाज नाही. त्यांच्यासाठी निरोध हवाच.

(सकाळ. म्हापसा. पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा भोंगा. स्कूटर सुरू होते.)

ही ताई, डब्या पोहोचवणारी. स्कूटरच्या डिकीत रेनकोट, पाण्याची बाटली, कापडी पिशवीत चार डब्या आणि एक लांब वही. वहीत कोणाचंही नाव नाही. आद्याक्षरं आहेत, पुढे तारखा, आणि प्रत्येक डबीमागे एक ठिपका. पहिला ठिपका निळ्या पेननं, दुसरा लालनं.

‘पहिली डबी सगळे नेतात,’ ताई सांगते. ‘मला दुसरी मोजायची असते.’

आम्ही तिच्यासोबत सहा दिवस फिरलो. तिचं सगळं काम या वाक्यात आहे, आणि आमची ही फिल्मही.

(पर्राचा रस्ता. दुतर्फा माड. स्कूटरवरून घेतलेलं दृश्य.)

म्हापशाहून कळंगुटकडे जाताना पर्रा लागतं. हा रस्ता तुम्ही शंभर रील्समध्ये पाहिला असेल. याच गावचा एक तरुण होता, डॉमिनिक डिसोझा. तो रक्तदाता होता. 1989 च्या फेब्रुवारीत पोलीस त्याला घेऊन गेले. त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता, आणि अशा माणसाला वेगळं ठेवायची मुभा गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात होती. क्षयरोग्यांसाठीच्या एका जुन्या, बंद पडलेल्या सॅनेटोरियममध्ये त्याला 64 दिवस एकट्याला ठेवलं. गुन्हा काही नव्हता. त्याची आई लूसी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. तो सुटला, आणि पुढची तीन वर्षं त्यानं याच विषयावर उघडपणे बोलण्यात घालवली. 1992 मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था त्याच्या पुढाकारानं उभी राहिली. त्याच वर्षी तो गेला.

त्यानंतर कायदे बदलले. एचआयव्ही आणि एड्स कायदा 2017 मध्ये झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. आज कोणालाही असं उचलून नेता येत नाही, आणि तपासणीचा निकाल संमतीशिवाय सहसा कोणाला सांगता येत नाही. पण त्या 64 दिवसांची भीती या बाजूच्या घरांतून अजून गेलेली नाही. ताईच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना डॉमिनिकचं नाव ठाऊक नाही. ‘पकडून नेतात’ एवढं मात्र ते घरी ऐकत आलेत.

(तपासणी केंद्र. बोटाला टोचणी. पट्टीवर पडणारा थेंब.)

गोळी सुरू करण्याआधी ही तपासणी लागते, आणि नंतर दर तीन महिन्यांनी. का, ते नर्सताई समजावून सांगतात. लागण झालेली असेल आणि माणूस नुसती प्रेपच घेत राहिला, तर ही दोन औषधं उपचाराला अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. रक्तात क्रिएटिनिनही बघतात, कारण टेनोफोव्हिर मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. हिपॅटायटिस बी बघतात, कारण ती कावीळ अंगात असेल आणि गोळी एकदम थांबली, तर यकृताचा आजार उसळू शकतो. पहिले काही दिवस कोणाला मळमळतं, कोणाचं डोकं दुखतं. बहुतेकांचं आपोआप थांबतं. पण हे आधी कोणी सांगितलेलं नसेल, तर चौथ्या दिवशी डबी कपाटात जाते आणि तिथेच राहते.

(पट्टीवर एक रेघ. कॅमेरा थांबतो.)

निकाल येईपर्यंत खोलीत पंख्याचाच आवाज असतो.

(ताईची वही, जवळून.)

ही वही आम्हाला एवढी महत्त्वाची का वाटते, यासाठी जरा लांब जावं लागेल. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे इथल्या पाच हजारांवर स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली होती, ‘व्हॉइस’ नावाची. आम्ही गोळ्या घेतो, असं बायका सांगत होत्या. परत आलेल्या गोळ्या मोजल्या, तर त्याही तेच सांगत होत्या. सांगण्यावरून नियमितपणा 90 टक्के होता. रक्त तपासलं, तेव्हा औषध सुमारे 30 टक्के नमुन्यांतच सापडलं. त्या चाचणीत गोळीनं संरक्षण दिलं नाही. अंगात नसलेलं औषध संरक्षण देणार तरी कसं?

आणि आपल्याकडे, कोलकात्याच्या सोनागाचीत आणि म्हैसूरला, देहविक्रय करणाऱ्या 1,300 हून अधिक बायकांनी हीच प्रेप घेतली. तिथे गोळी पोहोचवणाऱ्या, आठवण करणाऱ्या, मळमळलं तर शेजारी बसणाऱ्या बायका त्याच वस्तीतल्या, त्यांच्याच संघटनेच्या होत्या. त्या काळात त्यांच्यातल्या एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. दोन्हीकडे गोळी तीच होती. म्हणून आमचा कॅमेरा सहा दिवस या स्कूटरच्या मागे होता.

(कांदोळी. दुपार. शॅकच्या मागची वाट.)

‘जेवलंस रे?’

‘होय गो ताई.’

गोळीचं नंतर. आधी जेवण, मग आईचं दुखणं, मग मालकानं पगार दिला का, ते. डबी हातात जाते ती सगळ्यात शेवटी, रुमालासारखी.

हा मुलगा दोडामार्ग तालुक्यातला. गोव्याचा सीझन असेपर्यंत इथे, पावसात घरी. प्रेपची चिठ्ठी घेऊन तो पहिल्यांदा एका औषधाच्या दुकानात गेला, तेव्हा काउंटरवरच्या माणसानं नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, ‘कोणासाठी?’ रांगेत त्याच्याच शॅकचा वेटर उभा होता. चिठ्ठी खिशात घालून तो परत आला. पुढचे दोन महिने गोळीशिवाय गेले. लागण झालेल्यांना एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची, औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. लागण टाळणारी ही गोळी मात्र बहुतेकांना अजून असं काउंटरसमोर उभं राहून, पदरच्या पैशांनी घ्यावी लागते. गोळी सरकारी केंद्रातून मिळायला हवी, कामावरून सुटलेल्या माणसाला जमेल अशा वेळी मिळायला हवी, आणि एका वेळी तीन महिन्यांची मिळायला हवी. ही फिल्म आम्ही त्यासाठीच करतोय.

गेल्या सीझनला ताईच्या वहीतला एक जण मध्येच सुटला. परत आला तेव्हा पट्टीवर दोन रेघा होत्या. त्याचे उपचार सुरू आहेत.

(समुपदेशनाची खोली. भिंतीवर कॅलेंडर.)

गोळी जन्मभर घ्यावी लागते, हा गैरसमज ताईला रोज खोडावा लागतो. धोका आहे तेवढे दिवस घ्यायची. थांबवायची रीत आहे. याच्यासारख्या पुरुषानं शेवटच्या संबंधानंतर आणखी दोन दिवस घ्यायची. परत सुरू करताना आधी तपासणी, मग संबंधाच्या 2 ते 24 तास आधी दोन गोळ्या एकदम, आणि पुढे रोज एक. स्त्रियांनी, आणि हार्मोन घेणाऱ्या तृतीयपंथी भगिनींनी मात्र सुरुवातीला सात दिवस रोज घेतल्यावरच तिच्यावर भिस्त ठेवायची, आणि थांबवतानाही सात दिवस मोजायचे. समुपदेशक हे कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवतात. तो मान डोलावतो आणि मग विचारतो, ‘विसरलो तर ओरडणार नाही ना?’

(एका बाटलीवरून सुईकडे. संग्रहातलं चित्र.)

जून 2025 मध्ये अमेरिकेत लेनाकापाविर या इंजेक्शनला लागण टाळण्यासाठी मान्यता मिळाली. सहा महिन्यांतून एकदा टोचायचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर झालं, की डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या कंपन्या त्याची जेनेरिक आवृत्ती 2027 पासून वर्षाला सुमारे 40 डॉलरमध्ये शंभरावर देशांना देतील. खुळखुळणारी डबी नाही, कापूस नाही. आम्ही ताईला हे सांगितलं. तिनं वही उघडली, एक कोरं पान काढलं आणि विचारलं, ‘सहा महिन्यांनी हा कुठे असेल, ते कोण लिहून ठेवणार?’

(म्हापसा बसस्टँड. जून. मुसळधार पाऊस.)

शॅक उतरवले गेले. झावळ्या आणि वासे मालकाच्या अंगणात रचून झाले. दोडामार्गची गाडी लागली आहे. त्याच्या खांद्याला बॅग आहे, आतल्या कप्प्यात डबी, डबीत सात गोळ्या आणि कापूस. शेवटच्या डबीपुढचा लाल ठिपका वहीत आधीच पडला आहे.

‘परत कधी रे?’

‘चवथ झाली की येतंय, ताई.’

ताई रेनकोटाच्या आत वही धरते. पुढच्या तारखेच्या रकान्यात ती तारीख घालत नाही. ‘चवथ’ लिहिते, आणि शेजारी जागा मोकळी सोडते.

(गाडी सुटते. काचेवर पाणी.)