सुट्टीच्या दिवशी दुखणारी पाठ

(पहाट. पूर्व भागातली गल्ली. अजून अंधार आहे, पण एका शेडमध्ये दिवा आणि मागांचा आवाज.)

सोलापूरच्या पूर्व भागात मागांची पाळी सुरू झाली हे कानांनाच कळतं. धोटा एका बाजूनं सुटतो, ताण्याच्या उभ्या दोऱ्यांतून बाण्याचा आडवा दोरा ओढत दुसऱ्या बाजूला आपटतो, परत फिरतो. वर जॅकार्डची, म्हणजे नक्षी पाडणाऱ्या यंत्राची, छिद्रं पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी सरकत असते. कुठलं छिद्र आलं त्यावर कुठला दोरा उचलायचा ते ठरतं, आणि खाली चादरीवर एकेक ओळ करत मोर उमटतो. १८७७ साली या गावात पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्यांचे भोंगे थांबले, माग राहिले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची नातवंडं-पतवंडं आज या मागांसमोर उभी आहेत.

त्यातलाच हा एक. वय २९. बारा तास उभा. दोरा तुटला की वाकायचं, गाठ मारायची, कांडी बदलायची, पुन्हा ताठ व्हायचं. ताण्याचे दोरे गुंडाळलेला बीम आला की दोघांनी मिळून उचलायचा. असल्या कामात कंबर धरली तर कोणाला नवल वाटणार? त्याला वाटलं नाही, घरच्यांना वाटलं नाही, दवाखान्यातही नाही. ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगून पट्टा दिला आणि पंधरा दिवस आराम करायला लावला.

आरामानंच पाठ जास्त दुखायला लागली.

तो काय म्हणतोय ते मागाच्या आवाजात नीट ऐका. ‘मागावर असलो की मोकळं वाटतं. सुट्टीच्या दिवशी पडून राहिलो की उठता येत नाही.’ आम्ही ही फिल्म केली ती या दोन वाक्यांसाठी. पाच वर्षं तो हेच सांगत होता.

कष्टानं दुखणारी पाठ कामानं वाढते आणि टेकलं की बरी वाटते. याची पाठ उलट आहे. पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग येते. उठल्यावर अर्धा तास, कधी तासभर, पाठ लाकडासारखी. दुखणं कधी डाव्या कुल्ल्यात, कधी उजव्या. चाललं, हातपाय हलवले की सुटतं. चाळिशीच्या आत, कुठलंही निमित्त नसताना, हळूहळू सुरू झालेलं असं दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं, तर ते नुसतं ओझ्याचं दुखणं समजू नये. हा संधिवाताचाच एक प्रकार असू शकतो : अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. कणा जिथं कमरेच्या हाडांना मिळतो तिथं आधी सूज येते. साध्या एक्स-रेत ती दिसायला कित्येक वर्षं जातात, एमआरआयमध्ये लवकर दिसते. एचएलए-बी२७ नावाची रक्ततपासणी मदत करते, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. बायकांनाही हा आजार होतो, आणि त्यांचा ओळखायला आणखी उशीर होतो. मधे त्याचा एक डोळा लालभडक झाला होता, उजेड सोसेना. डोळे आले असतील म्हणून सोडून दिलं. तेही याच आजाराचं होतं.

(जवळून : उघडी पाठ, पेन, शिंप्याकडे असते तशी टेप.)

हे यंत्र दहा-वीस रुपयांचं आहे. कमरेच्या खळग्यांच्या रेषेखाली पाच सेंटिमीटरवर एक खूण, वर दहावर दुसरी. मधलं अंतर १५. आता गुडघे न वाकवता पुढं वाकायचं. तरुण, निरोगी पाठीत हे अंतर किमान २० व्हायला हवं. टेपवर बघा : १७. पाठ वाकतेय असं आपल्याला वाटतं, पण वाकतोय तो खुब्यातून. मग भिंत. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभं राहायचं. डोकं भिंतीला सहज टेकायला हवं. त्याचं टेकत नाही. मधल्या फटीत डॉक्टरांची चार बोटं बसतात.

उपचार वेळेवर झाले नाहीत तर मणके एकमेकांना जुळून बसतात, आणि मग साध्या पडण्यानंही कणा मोडू शकतो.

(कुंभारी. विडी कामगारांची वसाहत. दारात सूप घेऊन बसलेली अक्का.)

गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगार बायकांची १०,००० घरं. भिजवलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा. दिवसाला हजार विड्या. अक्काची बोटं बघा, आम्ही कॅमेरा मुद्दाम तिथंच ठेवलाय. सकाळी नऊपर्यंत या बोटांत कात्री धरवत नाही. हा आमवात, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. हात सगळ्यांना दिसतात. मान कोणी विचारत नाही.

सुपावर वाकून मान दुखणारच, असं सगळे धरून चालतात. पण आमवात कमरेला सहसा सोडतो आणि मानेला धरतो, तोही अगदी वरच्या दोन मणक्यांत. तिथं एका मणक्याची खुंटी दुसऱ्याच्या कड्यात बसलेली असते, एका पट्ट्यानं बांधलेली. सुजेनं पट्टा सैल झाला की मान खाली घालताच खुंटी मागं, मज्जारज्जूकडं सरकते. म्हणून एक्स-रे मान पुढं वाकवून आणि मागं नेऊन काढतात. हातांना मुंग्या, चालताना पाय लटपटणं, मान हलवली की पाठीत करंट उतरल्यासारखं वाटणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. असे लोक मालिशवाल्याकडं मान मोडून घेतात तेव्हा आमच्या पोटात गोळा येतो. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्यांना आमवात आहे हे आधी सांगा.

अक्काच्या पिशवीत मेथोट्रेक्सेट आहे. आठवड्यातून एकच दिवस, रोज नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून नातीनं कॅलेंडरवर दर गुरुवारी लाल टिकली चिकटवलीय. या गोळीत चूक जिवावर बेतते.

त्या तरुणाला सुजेच्या गोळ्या लागू पडल्या. ज्यांना पडत नाहीत त्यांच्यासाठी इंजेक्शनं आहेत, महाग आहेत. विडी-सिगारेट बंद. बाकी रोजचा व्यायाम, औषधाइतकाच महत्त्वाचा.

(गच्ची. उजाडतंय.)

विणीत चूक झालेली चादर त्यानं घरी आणलीय. तिच्यावर तो पालथा पडून राहतो, पंधरा मिनिटं, उशीशिवाय. मग पाठीचे व्यायाम, खोल श्वास. शेवटी पाण्याच्या टाकीच्या भिंतीला टाचा टेकवून उभा राहतो. अम्मा मागून हात घालते आणि बोटं मोजते.

तीन.